परकी वस्तू

नोंदवहीत तसा रकानाच आहे: परकी वस्तू.
त्यात मी लिहिलं, टाचणी, नग एक,
लांबी सव्वा इंच, डोक्याला निळा मणी.
कुंदा चेंदवणकर, वय छप्पन्न, राहणार भोईवाडा,
व्यवसाय ब्लाउज शिवणे.

सोळा वर्षं झाली, परळच्या या इस्पितळात
मी दुर्बिणी धुते.
लोक काय काय गिळतात ते मला विचारा.
अँटॉप हिलच्या पोराच्या घशातलं दोनचं नाणं
आईने पदराला पुसून पर्समध्ये टाकलं,
म्हणाली, बसला लागतील.
एका निवृत्त शिपायाची कवळी निघाली, अख्खी,
शुद्धीवर आल्या आल्या त्याने ती मागून घेतली
आणि न धुताच...
जाऊ दे.

कुंदाताई मात्र ओशाळल्या होत्या.
चाळीस वर्षं ओठांत टाचण्या धरत्येय, म्हणाल्या,
कधी म्हणून नाही.
गिऱ्हाईक समोर हात पसरून उभं,
तेव्हा बोलायचं नाही, हसायचं तर नाहीच.
बायका मापाला आल्या की काय वाट्टेल ते सांगतात,
ते सगळं त्यांनी मिटल्या ओठांनी ऐकलं,
हुं, हुं, एवढंच करत.
आणि गेल्या मंगळवारी, कशाने कोण जाणे,
खुदकन.

घशातून घातलेली दुर्बीण जठरात फिरून
हात हलवत परत आली.
टाचणी पुढे सटकली होती,
आतड्याच्या वळणावर
टोक बाहेर काढून बसली होती,
अस्तराला लावून काढायची राहिल्यासारखी.

मग पोटाला तीन भोकं.
आत वायू भरला, पोट पुरीसारखं टम्म,
खोलीतले दिवे मालवले
आणि पडद्यावर आतलं उजळलं:
चरबी पिवळीधमक,
यकृताची ओलसर काळपट कड,
आतडी गुलाबी, मधूनच हळूच सरकणारी,
भूल दिलेल्या बाईतलं
तेवढंच काय ते जागं.
डॉक्टर मुकादम हातांकडे बघत नाहीत.
हात पोटाशी, डोळे पडद्यावर,
कुंदाताई संध्याकाळची मालिका बघत
हूक लावतात म्हणे, तसंच.
कोणी बोलेना.
चिमट्याने टोक धरलं, मण्यापुरती चीर दिली,
ओढलं, नळीतून वर घेतलं,
आत एक टाका घातला.
माझ्या वाटीत टिंग झालं.
एवढ्याशा आवाजासाठी
सात माणसं दीड तास उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी
गाऊन वर करून त्या पोटाकडे बघत होत्या.
बोट न लावता, मान आधी या बाजूला, मग त्या.
ही काजं कोणी केली?
बेंबीजवळचं बरंय. उजवीकडचं तिरपं गेलंय जरा.
डॉक्टर मुकादम फेरीवर होत्या,
चष्मा कपाळावर सारून वाकल्या,
बघितलं.
हो, म्हणाल्या, तिरपंच आहे.

सही घ्यायला मी वही पुढे केली.
त्यांनी रकाना वाचला, दोनदा.
परकी कशी हो?
माझ्या तोंडात राहिलीय ती, माझ्या पोरांपेक्षा जास्त.
परकी तुमची दुर्बीण.
सही केली, पण खालून बारीक, तिरकी,
उसवता येईल अशी.

टाचणी द्यायची नसते, बाटलीत ठेवायची असते.
मी ती कापसात गुंडाळून दिली.
त्यांनी लगेच गाऊनच्या कॉलरला टोचली
आणि वरून हात फिरवला.

मग मी विचारलंच. हसलात कशाला?
त्यांनी ओठ मिटले,
आत टाचण्या असाव्यात तसे, सवयीने,
पण पोट हलायला लागलं.
अहो नको, टाके ताजे आहेत, मी म्हटलं,
तर दोन्ही हातांनी पोट धरून
त्या भिंतीकडे वळल्या
आणि खांदे गदगदा,
आणि मलाही, कशावर ते माहीत नसताना,
वही छातीशी धरून.

कारणाच्या रकान्यात मी लिहिलं: चुकून.